दिरहमचा गुणाकार करण्याआधी नाशिकच्या नोटेची गोष्ट ऐका

तुमच्या ग्रुपमध्येही हे झालं असेल. फायनल इयर संपत आलंय, सगळे अमृततुल्यच्या बाकड्यावर बसलेत, प्लेसमेंटचा विषय कुणीच काढत नाहीये. आणि मध्येच एक जण मोबाइल टेबलावर ठेवतो. "आलं रे. ऑफर लेटर." कुठलं? दुबईचं. पगार किती? सहा हजार.

दोन सेकंद शांतता. सहा हजार? मग कुणाची तरी ट्यूब पेटते, "दिरहम रे, दिरहम!" की लगेच पाच मोबाइलवर पाच कॅलक्युलेटर उघडतात. गुणिले चोवीस. एक लाख चव्वेचाळीस हजार! महिन्याला! टॅक्स नाही! चहा गार होतो, पार्टी ठरते.

आमच्याकडे हे मागच्या महिन्यात झालं. ज्याला ऑफर आली तो माझा ज्युनिअर कॉलेजपासूनचा मित्र. त्याचं नाव इथं लिहू नकोस, असं त्यानं सांगितलंय, कारण घरी अजून सगळं बोललेला नाही. एकालाच सांगितलंय, त्याच्या आबांना. आबा म्हणजे आजोबा, वय ८६, मूळचे रत्नागिरीकडचे, आता कोंढव्यात मुलाकडे असतात. तरुणपणी चार-पाच वर्षं दुबईत होते. आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यानं तोच गुणाकार त्यांच्यासमोर करून दाखवला. आबा ऐकत राहिले आणि म्हणाले, "आमच्या वेळी गुणायला लागायचं नाही. तिथं आपलाच रुपया चालायचा. लाल रंगाचा."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. वयानुसार थोडं इकडचं तिकडे होतं, असं वाटलं. लाल रुपया? दुबईत?

घरी येऊन शोधायला बसले आणि पहाटे दोनपर्यंत उठले नाही. आबा शंभर टक्के बरोबर होते.

मिंट रोडवरून चालणारी दुबई

तुम्हाला-मला दुबई म्हणजे बुर्ज खलिफा. पण शंभर वर्षांपूर्वीची दुबई खाडीकाठचं मोत्यांचं बंदर होती आणि तिची बाजारपेठ होती मुंबई. मोती मुंबईला यायचे. तांदूळ, कापड, लाकूड इकडून तिकडे जायचं. आखातातला इंग्रजांचा राजकीय कारभारसुद्धा १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या अखत्यारीत होता. दुबईत १९०९ मध्ये पोस्ट ऑफिस उघडलं, ते भारतीय टपाल खात्याचं. पत्रावर तिकीट भारताचं आणि खिशात रुपया भारताचा. कुवेत, बहारीन, कतार, दुबई, अबुधाबी, सगळीकडे रुपया. ओमानमध्येही.

स्वातंत्र्यानंतरही हे थांबलं नाही. या छोट्या अमिरातींकडे स्वतःचं चलन नव्हतं, स्वतःची सेंट्रल बँक नव्हती. म्हणजे मुंबईत मिंट रोडवर बसलेली आपली रिझर्व्ह बँक एका अर्थानं दुबईचीही रिझर्व्ह बँक होती. आज दुबईत बँकिंगचे नियम किती कडक, किती मॉडर्न, अशा रील्स आपण बघतो. साठ-सत्तर वर्षांपूर्वी तिथल्या नोटेचे नियम आपण ठरवत होतो.

मग गडबड कुठं झाली? सोन्यात.

स्वातंत्र्यानंतर भारतात सोन्याच्या आयातीवर बंधनं आली. त्यामुळे इथला सोन्याचा भाव बाहेरच्यापेक्षा बराच वर राहिला. भावात फरक आणि मध्ये फक्त अरबी समुद्र, म्हटल्यावर काय होणार? दुबईत सोनं कायदेशीरपणे विकत घ्यायचं, गलबतात घालायचं आणि आपल्या किनाऱ्यावर रात्री उतरवायचं. जुन्या हिंदी सिनेमात ही दृश्यं तुम्ही पाहिली असतील, ती हवेतून आलेली नाहीत.

इथपर्यंत ठीक. पण बँकिंगच्या दृष्टीनं खरी गंमत पुढे आहे. सोनं घेणारा पैसे कशात देणार? रुपयाच्या नोटांत. त्या नोटा गलबतातून परत आखातात. तिथं रुपया हे रोजचंच चलन, त्यामुळे कुणी विचारायचं नाही, की या नोटा आल्या कुठून. त्या तिथल्या बँकेत जमा व्हायच्या, बँका त्या मुंबईला रिझर्व्ह बँकेकडे पाठवायच्या आणि बदल्यात मागायच्या स्टर्लिंग पाऊंड. नोट खरी, बँक खरी, मागणी नियमानुसार. नाही कसं म्हणणार? म्हणजे चोरून आलेल्या सोन्याचं बिल शेवटी भारत सरकार आपल्या परकीय चलनाच्या तिजोरीतून भरत होतं. आणि १९५७-५८ मध्ये ती तिजोरी आधीच रिकामी व्हायला आली होती.

यावर काढलेला तोडगा मला भयंकर आवडला. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँक कायद्यात दुरुस्ती झाली आणि आखातासाठी वेगळ्या नोटा निघाल्या. डिझाइन तेच, रंग वेगळे. एक आणि दहाची नोट लाल, पाचची नारिंगी, शंभरची हिरवी. नंबरच्या आधी इंग्रजी 'झेड' अक्षर. पाच, दहा आणि शंभरच्या नोटेवर गव्हर्नर एच. व्ही. आर. अय्यंगार यांची सही. या नोटा फक्त आखातात चालणार, भारतात दुकानदार घेणार नाही. आखातातल्या जुन्या नोटा ठरलेल्या मुदतीत बदलून घ्यायच्या, नंतर त्या तिथं चालणार नाहीत. म्हणजे भारतातून चोरून नेलेली नोट आखातात कागद, आणि आखाती नोट भारतात कागद. सोन्याच्या बिलाचा रस्ताच बंद.

आणि या नोटा छापल्या जात होत्या आपल्या नाशिकला! आपल्या देशात तेव्हा नोटा छापणारा कारखाना एकच, नाशिकरोडचा. म्हणजे दुबईतल्या कामगाराचा पगार नाशिकरोडहून निघायचा, मुंबईहून बोटीत चढायचा. दहाच्या नोटेच्या पाठीवर चित्र होतं शिडाच्या गलबताचं. ज्या गलबतांमुळे ही वेगळी नोट काढावी लागली, त्यांचंच चित्र! मुद्दाम नसणार ते, साध्या नोटेवरही तेच चित्र होतं. पण मी ते बघून एकटीच हसत बसले.

हज यात्रेकरूंसाठीही त्याच वर्षी आणखी वेगळ्या नोटा निघाल्या होत्या, नंबरच्या आधी 'एचए' असलेल्या. त्यातली शंभराची एक नोट अलीकडे लंडनच्या लिलावात पन्नास लाख रुपयांहून जास्त किमतीला गेल्याच्या बातम्या होत्या. तेव्हा आजोबांची जुनी ट्रंक रद्दीत देण्याआधी एकदा उघडून बघा. जुन्या बाजारातही मी दोन रविवार विचारत फिरले. एकानं मला ज्या नजरेनं पाहिलं त्यावरून कळलं, की असली नोट असती तर तो त्या उन्हात बसलाच नसता.

गुणाकार कधी सुरू झाला

आता तारीख लक्षात ठेवा. ६ जून १९६६.

आबा तेव्हा दुबईतच होते. १९६२ मध्ये मुंबईहून 'द्वारका' बोटीनं गेले होते, डेकवर झोपून. दुबईत एका गोदामात हिशेब लिहायचे. पगार त्याच लाल नोटांत. तिथला एक रुपया म्हणजे घरचा एक रुपया, त्यामुळे डोकं लावायची गरज नाही. शंभर पाठवले की गावात शंभर मिळायचे.

तोपर्यंत काही जण आधीच बाहेर पडले होते. कुवेतनं १९६१ मध्ये स्वतःचा दिनार काढला, बहारीननं १९६५ मध्ये. कतार, दुबई आणि आजूबाजूच्या अमिराती मात्र नाशिकच्या नोटांवरच होत्या. आणि मग भारत सरकारनं रुपयाचं अवमूल्यन केलं. डॉलर ४ रुपये ७६ पैशांचा होता, तो एकदम साडेसात रुपयांचा झाला.

तुम्ही दुबईचे व्यापारी आहात अशी कल्पना करा. तुमच्या देशात दुष्काळ नाही, युद्ध नाही, तुमच्या सरकारनं काही केलेलं नाही. पण दिल्लीत कुणीतरी निर्णय घेतला आणि तुमच्या गल्ल्यातल्या पैशाची किंमत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उतरली. कोण सहन करेल? दुबई आणि कतारनं केलं नाही. नवीन नोटा छापून येईपर्यंत त्यांनी सौदी रियाल वापरले आणि सप्टेंबर १९६६ मध्ये दोघांचा मिळून 'कतार-दुबई रियाल' आला. अबुधाबीनं बहारीनचा दिनार धरला. ओमान सगळ्यात शेवटी, १९७० मध्ये सुटला.

आबांना सौदीच्या नोटा आठवतात. "थोडे दिवस त्या आल्या, मग नवीन आल्या," म्हणाले. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय. पुढच्या पगाराला शंभर पाठवले, तर घरी दीडशेच्या वर मिळाले. पगार वाढला नव्हता, काम वाढलं नव्हतं. बायकोनं पत्रात विचारलं, की जास्तीचे कुणाचे आहेत, परत करायचे आहेत का.

आपण टेबलावर कॅलक्युलेटर काढून जो गुणाकार करतो ना, तो असा सुरू झाला. तेव्हा गुणिले दीड, नेमकं सांगायचं तर १.५७५. आता गुणिले वीसच्याही वर.

आणि इथं एक गोष्ट अशी, जी मला कुठल्याच क्लासमध्ये कुणी सांगितली नव्हती. कतार-दुबई रियालची किंमत ठरवली होती अवमूल्यनाआधीच्या रुपयाएवढी. एकास एक. १९७१ मध्ये संयुक्त अरब अमिराती हा देश झाला आणि मे १९७३ मध्ये त्यांनी दिरहम आणला, तेव्हा दुबईत तो त्या रियालच्या बदल्यात आला. पुन्हा एकास एक. म्हणजे आजचा एक दिरहम हा वंशावळीनं आपला १९६६ चा एक रुपयाच आहे. फक्त तो तिकडे राहिला आणि आपला इकडे. एकाची किंमत आज दुसऱ्याच्या वीसपटीहून जास्त आहे.

मास कॉमच्या मुलीला अर्थशास्त्रावर भाष्य करायचा अधिकार नाही, हे मान्य. पण भाऊ-भाऊ जत्रेत हरवल्यासारखी ही स्टोरी आहे, एवढं म्हणू द्या.

तुमचा पगार नक्की कुणाच्या हातात?

दिरहम आज डॉलरला बांधलेला आहे. एका डॉलरला ३.६७२५ दिरहम, १९९७ पासून हाच आकडा. यूएईची सेंट्रल बँक १९८० मध्ये झाली, पण हा दर बांधलेला असल्यामुळे तिथले व्याजदर बऱ्यापैकी अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हच्या मागे जातात. म्हणजे तुमचा गुणाकार दुबईत ठरतच नाही. डॉलर ४६ रुपयांना होता तेव्हा दिरहम साडेबाराला होता. डॉलर ८८ ला गेला तर दिरहम चोवीसला. दुबईत काम करणाऱ्या मराठी माणसाला रुपया पडल्याची बातमी वाचून मनातल्या मनात बरं का वाटतं, ते आता कळलं असेल. उलट, इथून एज्युकेशन लोन काढून तिकडे शिकायला जाणाऱ्यांसाठी तीच बातमी वाईट. आणि असे लोक आता वाढणार, आपल्या सिंबायोसिसनंच २०२४ मध्ये दुबईत कॅम्पस सुरू केलाय.

आता मित्राच्या ऑफर लेटरकडे येऊ. आम्ही ते पुन्हा नीट वाचलं, या वेळी कॅलक्युलेटर न काढता. सहा हजारांत बेसिक होतं २४०० दिरहम. बाकीचे ३६०० म्हणजे घरभाडं, प्रवास, 'इतर'.

यानं काय फरक पडतो? नोकरी सोडताना यूएईच्या कायद्यानं ग्रॅच्युइटी मिळते. एक वर्ष पूर्ण केलंत तर पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी २१ दिवसांचा पगार, त्यानंतर दर वर्षी ३० दिवसांचा. पण कुठला पगार? बेसिक. म्हणजे २४०० वर हिशेब केला तर वर्षाला १६८० दिरहम. पूर्ण सहा हजार बेसिक असतं तर ४२००. तीन वर्षांत साडेसात हजार दिरहमचा फरक पडतो, आणि तो एका ओळीत लपलेला असतो. त्याच्या लेटरवर ती ओळ दुसऱ्या पानावर, अगदी खाली होती.

तिथला नवा कामगार कायदा फेब्रुवारी २०२२ पासून लागू झाला. त्यात प्रोबेशन सहा महिन्यांपेक्षा जास्त नाही. भरतीचा खर्च कंपनीनं करायचा, तुमच्याकडून घ्यायचा नाही. पासपोर्ट कंपनीनं ठेवून घ्यायचा नाही. पगार 'वेज प्रोटेक्शन सिस्टिम'मधून, म्हणजे सरकारला दिसेल अशा पद्धतीनं बँकेतून यायला हवा. ही पद्धत २००९ पासून आहे. "सुरुवातीचे दोन महिने कॅश देऊ" असं कुणी म्हणालं तर ते का म्हणतोय, ते समजून घ्या. आणि "आधी व्हिजिट व्हिसावर या, मग बघू" म्हणणाऱ्याला फोनवरच नमस्कार करा. आपल्याकडच्या नोंदणीकृत एजंटलाही तीस हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सर्व्हिस चार्ज घेता येत नाही. पुण्यात दीड-दोन लाख मागणारे आहेत. एकाशी मी स्वतः फोनवर बोलले, पावती मागितल्यावर लाइन कट झाली.

इथलीही एक गोष्ट राहून जाते. नोकरीसाठी परदेशात गेलात की तुमचं इथलं साधं सेव्हिंग अकाउंट तसंच ठेवता येत नाही. ते 'एनआरओ' करून घ्यावं लागतं आणि तिकडून पाठवलेल्या पैशांसाठी 'एनआरई' अकाउंट काढता येतं. मी बारा जणांना विचारलं, त्यात दोन बी.कॉम. आणि एक सीए इंटरवाला. एकालाच माहीत होतं. बाकीच्यांतल्या दोघांचे सख्खे भाऊ आज परदेशात आहेत आणि जीपे जुन्याच अकाउंटवर चालू आहे.

पैसे पाठवायचे कसे, यावर आबांचं मत ठाम आहे. 'मनी ऑर्डर.' त्यानंतरच्या पिढ्यांनी दोन रस्ते वापरले, एक्स्चेंज हाउस आणि हवाला. एक्स्चेंज हाउस लायसन्सवालं असतं, तरी डोळे मिटून विश्वास नको. 'यूएई एक्स्चेंज' हे त्यातलं सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव, पण मार्च २०२० मध्ये त्यांनी नवे व्यवहार थांबवले आणि तिथल्या सेंट्रल बँकेला देखरेखीसाठी आत यावं लागलं. हवालाचं तर विचित्रच आहे. यूएईमध्ये हवालावाल्याला सेंट्रल बँकेकडे नोंदणी करून धंदा करता येतो. आपल्याकडे हवाला बेकायदेशीर. म्हणजे पैसे देताना तुम्ही तिकडे कदाचित नियमात असता आणि इकडे घेणारे तुमचे बाबा गुन्ह्यात. "सगळेच करतात" हे वाक्य ईडीला सांगून उपयोग नसतो.

"विमानात बसलो की संपलं"

आता खरं सांगायचं ते.

माझ्या ओळखीतला एक दादा आहे, सिंहगड रोडला राहतो. २०१७ मध्ये दुबईला गेला, चांगली नोकरी होती. गेल्यावर तीन महिन्यांत एका बँकेचं क्रेडिट कार्ड आलं, मग पर्सनल लोन. तिथल्या नियमानुसार पर्सनल लोन पगाराच्या वीसपटीपर्यंत मिळतं, मुदत जास्तीत जास्त ४८ महिने, आणि सगळे हप्ते मिळून पगाराच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. नियम चांगलाच आहे. पण सव्वीस वर्षांच्या मुलाला "वीसपट" एवढंच ऐकू येतं. त्यानं ताईच्या लग्नाला पैसे पाठवले, गाडी घेतली. मग कोविड आला, नोकरी गेली, २०२० मध्ये तो परत आला. मागे लोन आणि कार्ड मिळून बरीच रक्कम राहिली.

त्याला तिथल्या रूममेट्सनी सांगितलं होतं, की एकदा विमानात बसलास की संपलं. दुबईची बँक पुण्यात येऊन काय करणार? २००८-०९ च्या मंदीत विमानतळावर सोडून दिलेल्या गाड्यांचे किस्से तिथं अजून सांगतात. तेव्हाच्या लोकांचं निभावलं, आपलंही निभेल.

पण दादा परतला त्याच वर्षाच्या सुरुवातीला, १७ जानेवारी २०२० ला, भारत सरकारनं एक अधिसूचना काढली होती. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ खाली यूएईला त्या देशांच्या यादीत घातलं, ज्यांच्या कोर्टांचे पैशांचे निकाल भारतात थेट अमलात आणता येतात. म्हणजे काय? आधी दुबईच्या बँकेला इथं येऊन पहिल्यापासून नवी केस लावावी लागायची. आता तिथल्या कोर्टाचा हुकूमनामा घेऊन ती पुण्याच्या जिल्हा न्यायालयात येऊ शकते आणि तो जणू शिवाजीनगरच्याच कोर्टानं दिला आहे, अशा रीतीनं वसुली मागू शकते. पगार, बँक खातं, नावावरचा फ्लॅट, सगळं त्यात येऊ शकतं. बचाव असतात. निकाल गुणवत्तेवर दिलेला नाही, फसवून मिळवलाय, नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध आहे, असं दाखवता आलं तर. पण ते तुम्हाला दाखवावं लागतं, वकील लावून.

दादाला आधी फोन यायचे. त्याला वाटलं सायबर फ्रॉड, नंबर ब्लॉक केले. मग मेल आले, ते स्पॅममध्ये गेले. मग गेल्या वर्षी घरी वकिलाचं पत्र आलं आणि ते त्याच्या आईनं उघडलं. मूळ रक्कम आणि त्यावर इतक्या वर्षांचं व्याज. काकू मला म्हणाल्या, "आकडा वाचला आणि मी आधी शून्यं मोजली." दादाचं लग्न ठरत होतं, ते पुढे ढकललं. आता तो बँकेशी तडजोडीचं बोलतोय. बँकेचं नाव मी लिहीत नाही, आणि दोष बँकेचा आहे असंही म्हणत नाही. कागदावर सही त्याचीच आहे.

चेकबद्दलही सांगते, कारण तिथं लोन किंवा घरभाड्यासाठी चेक घेतात. पूर्वी यूएईत चेक बाउन्स म्हणजे थेट जेल, असा दरारा होता. जानेवारी २०२२ पासून ते बदललं. खात्यात पैसे नाहीत म्हणून चेक परत गेला, एवढ्यावर आता सहसा फौजदारी गुन्हा होत नाही. पण तोच चेक घेऊन समोरचा थेट वसुलीसाठी कोर्टात जाऊ शकतो आणि दहा हजार दिरहमच्या पुढच्या थकबाकीसाठी देश सोडायची बंदी मागू शकतो. म्हणजे सुट्टीला घरी निघालात आणि इमिग्रेशनच्या काउंटरवर कळलं, असं होतं. आपल्याकडे मात्र चेक बाउन्स अजून गुन्हाच आहे, कलम १३८, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. दुबईचे कायदे कडक आणि आपले ढिले, असं सरसकट बोलणाऱ्यांना हे सांगून बघा.

तिथंही आपल्या सिबिलसारखा स्कोअर असतो, अल एतिहाद क्रेडिट ब्युरो तो ठेवतं. फोनचं बिल थकवलं तरी त्यात दिसतं. दादानं निघताना फोनचं बिलही भरलं नव्हतं.

लाल नोट

हा लेख लिहिताना मी पुन्हा आबांकडे गेले. कोंढव्यात ते राहतात तिथून एनआयबीएम रोड जवळच. त्या रोडवरच्या कॅफेत आपण सगळे जातो, पण एनआयबीएम म्हणजे काय, हे किती जणांना माहितीये? नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ बँक मॅनेजमेंट. रिझर्व्ह बँकेच्या पुढाकारानं १९६९ मध्ये सुरू झालेली, बँकवाल्यांना शिकवणारी संस्था. मी इतकी वर्षं तो बसस्टॉपच समजत होते.

आबांना मी एक बातमी वाचून दाखवली. १५ जुलै २०२३ ला अबुधाबीत रिझर्व्ह बँक आणि यूएईच्या सेंट्रल बँकेनं करार केला, की दोन्ही देशांतला व्यापार डॉलर मध्ये न आणता रुपये आणि दिरहममध्ये करता येईल. त्यानंतरच्या महिन्यात इंडियन ऑइलनं अबुधाबीच्या तेल कंपनीकडून दहा लाख बॅरल तेल घेतलं आणि पैसे रुपयांत दिले. पण या पद्धतीतला अगदी पहिला व्यवहार तेलाचा नव्हता. यूएईतल्या एका निर्यातदारानं भारतातल्या खरेदीदाराला २५ किलो सोनं विकलं होतं. रुपयांत.

"सोनं?" आबांनी दोनदा विचारलं. "रुपयांत? आणि सरकारनं परवानगी दिली?"

हो म्हटल्यावर ते बराच वेळ हसत होते. मग मी मोबाइलवर त्यांना आखाती दहाच्या नोटेचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, फोटो मोठा केला, छोटा केला, स्क्रीनवरून बोट फिरवलं. "हीच. पण एवढी फिकी नव्हती."

मित्रानं कंपनीला मेल केलाय, बेसिक ३६०० करा म्हणून. पाच दिवस झाले, उत्तर नाही. त्याला रोज वाटतं की ऑफर गेली. आबा त्याला म्हणतात, गेली तर गेली, विचारलंस ते बरं केलंस. आई-बाबांना तो या रविवारी सांगणार आहे.